मिस्त्रीचा मुलगा : कलामहर्षी बाबूराव पेंटर



मागच्या वर्षी वर्गात मुलांकडून 'माझे कुटुंब' हा तक्ता भरून घेत होते. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात एका मुलाने आधी 'मिस्त्री' लिहिलं, मग रबराने खोडलं आणि त्यावर 'कंपनी' असं लिहिलं. त्याचे वडील आमच्या शाळेपासून दोन गल्ल्या सोडून फर्निचरच्या कारखान्यात काम करतात. हात इतका सफाईदार आहे, की त्यांनी केलेल्या कपाटाच्या सांध्यात नख शिरत नाही. पण पोराला ते लिहायची लाज वाटली.

आमच्या निजामपुऱ्यात हे नवीन नाही. इथे मागाचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. कोणाचे वडील माग चालवतात, कोणाची आई घरी धागे कातरते, कोणाचे काका सुतारकाम करतात. सगळं घर हातावर चालतं, आणि मुलांना मात्र वाटतं की हुशारी फक्त वहीत असते. खरं सांगायचं तर हे त्यांना आपणच शिकवलंय. कार्यानुभवाचा तास बुडाला तर आपल्याला काही वाटत नाही, गणिताचा बुडाला तर वाटतं.

त्या दिवशी मी मुलांना कोल्हापूरच्या एका मिस्त्रीच्या मुलाची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

मिस्त्रीचं घर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे गावात कृष्णा मिस्त्री म्हणूनच ओळखले जात. सुतारकाम आणि लोहारकाम हा घरचा धंदा. पण कृष्णा मिस्त्री तेवढ्यावर थांबणारे नव्हते. लाकडावर नक्षी, हस्तिदंतावर कोरीव काम, दगडात मूर्ती, रंगकाम हे सगळं त्यांना येत होतं.

बाबूरावांचं शालेय शिक्षण फारसं झालं नाही. चित्रकलेच्या कुठल्या शाळेतही ते गेले नाहीत. त्यांची शाळा म्हणजे वडिलांच्या हाताखालचं काम. पटाशी कशी धरायची, लाकडाचा रेषा कोणत्या बाजूने जातो, कुठे जोर लावायचा आणि कुठे हात हलका ठेवायचा, हे असलं शिक्षण पाहून आणि करूनच मिळतं. त्याचं प्रमाणपत्र नसतं, पण ते हातातून जातही नाही.

त्या काळचं कोल्हापूरही वेगळंच होतं. राजर्षी शाहू महाराजांच्या राज्यात पैलवान, गवई, नट, चित्रकार या सगळ्यांना आसरा होता. आबालाल रहिमान यांच्यासारखे थोर चित्रकार त्याच गावात राहून निसर्गचित्रं रंगवत होते. गावात चांगलं काम होत असलं की ते पोरांच्या नजरेत शिरतं.

पडदे रंगवणारे दोघे भाऊ

नात्याने भाऊ लागणारे आनंदराव मिस्त्री आणि बाबूराव ही जोडी लहानपणापासूनची. दोघांनी मिळून नाटकांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. तो संगीत नाटकांचा भराचा काळ होता. साधारण १९१० ते १९१६ या वर्षांत मराठी संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या यांच्यासाठी या दोघांनी डझनावारी पडदे केले. पश्चिम भारतात पडदे रंगवणारे म्हणून त्यांचं नाव झालं. 'पेंटर' हे आडनाव त्यांना मिळालं ते या धंद्यामुळे. म्हणजे बघा, ज्या कामाचं नाव आमच्या पोराने खोडून टाकलं, तसल्याच कामाचं नाव या माणसाने आयुष्यभर आडनाव म्हणून मिरवलं.

नाटकाच्या पडद्याची गंमत मुलांना जरूर सांगा. रंगमंच असतो जेमतेम खोलीएवढा. त्यात राजवाडा दाखवायचा, अरण्य दाखवायचं, लांबवर जाणारा रस्ता दाखवायचा. मग काय करायचं? सगळ्यात मागे रंगवलेला मोठा पडदा. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना एकामागे एक उभ्या केलेल्या विंगा, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं, रंगवलेलं कापड. वर झालर. प्रत्येक थर सपाटच असतो. पण थरामागे थर ठेवले, मागचे खांब लहान आणि पुढचे मोठे काढले, की प्रेक्षकाला खोली दिसते. सपाट वस्तूंमधून खोली उभी करायची ही युक्ती बाबूरावांनी पडदे रंगवता रंगवता पक्की केली. पुढे सिनेमात तीच त्यांच्या कामाला आली.

मोडकं यंत्र आणि अर्धवट राहिलेलं स्वप्न

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून आनंदराव आणि बाबूराव भारावून गेले. पडद्यावरची चित्रं हलतात हे पाहून जगभर रंगाऱ्याच्या पोटात गोळा आला असेल. यांना मात्र ते आपणच करावं असं वाटलं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचं यंत्र विकत आणलं आणि चित्रपट दाखवायला सुरुवात केली. दाखवता दाखवता ते यंत्र उघडून बघत, त्याचं चाक न् चाक समजून घेत.

पण दाखवण्याच्या यंत्राने चित्रपट काढता येत नाही. त्याला कॅमेरा लागतो. कॅमेरा परदेशी, महागडा, आणि हातात पैसा नाही. तेव्हा या दोघांनी कॅमेरा घरीच बनवायचं ठरवलं. आनंदराव त्या कामात अगदी बुडून गेले होते. आणि १९१६ साली आनंदरावांचं अकाली निधन झालं.

इथे मी वर्गात थोडी थांबले. मुलं गप्प झाली होती. ज्याच्या जोडीने काम सुरू केलं तोच निघून गेला तर माणूस काय करतो, असं मी त्यांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, दुकान बंद करतो. दुसरा म्हणाला, त्याच्यासाठी पुरं करतो.

बाबूरावांनी पुरं केलं. त्यांच्या मदतीला होते त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले. दामले मूळचे पेणचे. यंत्रातलं त्यांना फार चांगलं कळत असे. चित्रपट दाखवणारं यंत्र आणि चित्रपट टिपणारं यंत्र यांचं तत्त्व बरंचसं सारखं असतं. दोन्हीत फिल्म एकेक चित्राने पुढे सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडते, बंद होते, आणि पुन्हा फिल्म सरकते. फरक एवढाच, की एक यंत्र उजेड बाहेर फेकतं आणि दुसरं उजेड आत घेतं. हे ओळखून, भाग घडवून, चुकून, पुन्हा घडवून त्यांनी १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार केला. गुरू सुताराच्या घरातला, शिष्य यंत्राचा वेडा, आणि दोघांपैकी एकाकडेही इंजिनिअरिंगची पदवी नाही! कोल्हापुरात खरी कॉर्नरला या कॅमेऱ्याची आठवण म्हणून स्तंभ उभारलेला आहे. कोल्हापूरला सहल गेली तर मुलांना तो नक्की दाखवा.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

बाबूरावांनी १९१७ साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू केली. तिला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. ज्या काळात गाणाऱ्या बाईला समाज मान देत नसे, त्या काळात एका गाणाऱ्या बाईने आपली कमाई एका नव्या कलेत घातली, ही गोष्ट बाबूरावांच्या चरित्रात अनेकदा एका ओळीत उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. सावकाराने दिले नसते असे पैसे एका कलावंत बाईने दिले.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रदर्शित झाला. महाभारतातली कीचकवधाची कथा. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं. 'सैरंध्री'त मात्र स्त्रियांनी कामं केली, आणि त्यासाठी लोकांची बोलणीही सोसली. कीचकाच्या वधाचं दृश्य इतकं खरं वाटलं, की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य पुढे काढून टाकावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचं कौतुक करून त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

बाबूरावांचं खरं वेगळेपण कुठे होतं? तोवर आपल्या चित्रपटांत मागे रंगवलेला पडदा लावून पुढे नट उभे करायची पद्धत होती. नाटकात ते चालतं, कारण प्रेक्षक लांब बसलेला असतो. कॅमेरा मात्र जवळ जातो आणि पडद्याची सुरकुतीसुद्धा पकडतो. आयुष्यभर पडदे रंगवणाऱ्या या माणसाने पडदा बाजूला सारला आणि खांब, कमानी, दरवाजे, खिडक्या असलेली, आत माणूस फिरू शकेल अशी दालनं उभी केली. चित्रीकरणाआधी ते दृश्यांची, वेशभूषेची, पात्रांच्या हालचालींची रेखाचित्रं काढत. म्हणजे आधी कागदावर, मग लाकडावर आणि मग कॅमेऱ्यात. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर सूर्य असेल तेव्हाच चित्रीकरण होई. आता रात्रीचा गड रात्रीसारखा दिसू लागला.

भिंतीवरचं चित्र

बाबूरावांनी आणखी एक गोष्ट केली, जी आज आपण रोज बघतो. त्यांनी आपल्या चित्रपटांसाठी मोठी रंगीत पोस्टरं स्वतः रंगवली. राजाच्या दिवाणखान्यात लावायचं चित्र वेगळं आणि रस्त्याच्या भिंतीवर लावायचं वेगळं. भिंतीवरचं चित्र चालता चालता दिसायला हवं, वाचता न येणाऱ्यालाही कळायला हवं, आणि त्याचे पाय थांबायला हवेत. त्या काळी बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्यासाठी तेवढ्याच मेहनतीने, तेवढ्याच नेमक्या रेषेने चित्र काढायचं, ही बाबूरावांची शिस्त. पुढे कितीतरी वर्षांनी परदेशात बाजारातल्या, जाहिरातीतल्या चित्रांना 'पॉप आर्ट' म्हणून मान मिळाला. आपल्याकडे कोल्हापूरचा एक रंगारी १९२० च्या दशकातच लोकांसाठीचं चित्र लोकांच्या भिंतीवर लावत होता, आणि त्याला त्यासाठी वेगळं नाव शोधावंसं वाटलं नव्हतं.

आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांमध्ये त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचं पोस्टर मोडतं. हे नाव ऐकून आमची मुलं एकदम सरसावून बसली. कारण चौथीच्या शिवछत्रपतींच्या इतिहासामुळे त्यांना माहीत आहे, की १६५७ साली महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. आपल्या भिवंडीच्या शेजारची गोष्ट, कोल्हापुरात बनलेल्या चित्रपटात! इतिहासाचं पुस्तक, चित्रकलेचा तास आणि स्वतःचं गाव, तिन्ही एका जागी आणायची अशी संधी रोज मिळत नाही.

सावकारी पाश

१९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. देवादिकांची नाही, राजांची नाही. सावकाराच्या कर्जात अडकून जमीन गमावलेल्या आणि पोटासाठी शहरात गिरणीकडे वळलेल्या शेतकऱ्याची. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. भारतीय चित्रपटात खऱ्या माणसांचं खरं जगणं दाखवणाऱ्या सुरुवातीच्या चित्रपटांत याची गणना होते.

जाणकारांनी त्याचं कौतुक केलं, पण लोकांनी गर्दी केली नाही. लोकांना चमत्कार आणि लढाया हव्या होत्या. बाबूराव पुन्हा पौराणिक विषयांकडे वळले. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नसावी. कारण बोलपट आल्यावर, १९३६ साली, त्यांनी तीच कथा पुन्हा एकदा चित्रपटात आणली. एकदा न चाललेलं काम अकरा वर्षांनी परत हातात घ्यायला छाती लागते.

आमच्या वर्गातल्या किती मुलांचे आजोबा शेत सोडून मागावर आले, हे मी विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर झाले. कोणाचं गाव उत्तर प्रदेशात, कोणाचं तेलंगणात, कोणाचं मराठवाड्यात. 'सावकारी पाश'ची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

शिष्य पुढे गेले

बाबूरावांच्या कंपनीत जी मुलं कामाला आली, ती पुढे भारतीय चित्रपटाची मोठी माणसं झाली. दामले होतेच. कागलचे शेख फत्तेलाल होते, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत. धायबर होते, शांताराम होते. इथे कोणी फक्त दिग्दर्शक आणि कोणी फक्त नट असं नव्हतं. सगळ्यांनी सुतारकाम करायचं, रंग लावायचा, फिल्म धुवायची, वेळ पडली तर कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. शांतारामांनी पुढे जे काही केलं त्याचा पाया या कारखान्यात घातला गेला.

१९२९ साली हे चौघे बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. दामले आणि साहेबमामा फत्तेलाल या दोघांनी मिळून 'संत तुकाराम' केला, आणि १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूच्या वारकरी संताचं चित्र पेणचे दामले आणि कागलचे फत्तेलाल खांद्याला खांदा लावून उभं करतात, हे आमच्या निजामपुऱ्यात मी मुद्दाम दोनदा सांगितलं. प्रभातच्या त्याच जागेत पुढे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली.

गुरूच्या वाट्याला मात्र अवघड दिवस आले. बिनीचे शिष्य गेले. १९३१ मध्ये बोलपट आले. बोलण्याच्या नादात चित्र मागे पडेल असं वाटल्याने बाबूरावांना बोलपटाची फारशी ओढ नव्हती. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच सुमारास बंद पडली. नंतर शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'उषा', 'सावकारी पाश', 'प्रतिभा' हे बोलपट केले. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'त गुरू-शिष्य, म्हणजे बाबूराव आणि शांताराम, पुन्हा एकत्र आले. पण बाबूरावांनी हातातला कुंचला आणि शिल्पाची हत्यारं कधी खाली ठेवली नाहीत. चित्रपटाचं काम नसलं तरी चित्रं आणि मूर्ती चालूच होत्या. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. लोक त्यांना आजही कलामहर्षी म्हणतात.

त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळची फिल्म जळायची, सडायची, हरवायची. उरली ती काही पोस्टरं, काही चित्रं, आणि शिष्यांनी केलेलं काम. शिक्षक म्हणून मला यातलं शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं. आपलंही तसंच असतं. फळ्यावर लिहिलेलं संध्याकाळी पुसलं जातं. मुलांच्या हातात उतरलं तेवढंच राहतं.

वर्गात काय करता येईल?

गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही थरांचं चित्र केलं. तुम्हालाही सहज करता येईल.

१. विषय घेतला कल्याणचा दुर्गाडी किल्ला आणि खाडी. मुलांनी आधी एकच चित्र कागदावर काढलं.

२. मग त्याचे तीन थर ठरवले. मागे आकाश आणि डोंगर, मध्ये किल्ल्याचा बुरूज, पुढे खाडीचा काठ, झाड आणि होडी.

३. प्रत्येक थर वेगळा कापला. लहान मुलांसाठी जाड पुठ्ठा पुरतो. मोठ्या वर्गांसाठी पातळ प्लायवूड घेता येईल, पण कापण्याचं काम मोठ्या माणसानेच करावं. मुलांनी कडा पॉलिश पेपरने घासाव्यात.

४. थर रंगवले. मागचे रंग फिके, पुढचे गडद. याने खोली जास्त दिसते.

५. दोन थरांच्या मध्ये दोन बोटं जागा राहील अशा लाकडी पट्ट्या फेविकॉलने चिकटवल्या. वर्गात अंधार करून बाजूने बॅटरीचा उजेड पाडला. सावल्या पडल्या आणि सपाट तुकड्यांचा किल्ला झाला.

यात भूमितीतले आकार आले, मापन आलं, इतिहास आला, उजेड-सावली आली. मूल्यमापन नोंदवहीत लिहायला भरपूर मिळतं, तेही सांगून ठेवते.

आमच्या चित्रातला बुरूज प्लायवूडचा आहे. तो कापून दिला त्या मुलाच्या वडिलांनी. दुपारच्या सुट्टीत बारीक पात्याची करवत घेऊन ते शाळेत आले, व्हरांड्यात उकिडवे बसले, आणि पेन्सिलच्या रेषेवरून एक दोरासुद्धा न सरकता बुरुजाच्या चऱ्या कापून दिल्या. चाळीस मुलं भोवती कोंडाळं करून बघत होती. त्यातल्या एकाने विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? ते नुसतेच हसले. उत्तर त्यांच्या मुलाने दिलं. म्हणाला, आमच्या घरी.

तक्त्यातला तो रकाना मी नंतर मुद्दाम पाहिला नाही. या वर्षी पुन्हा तक्ते भरायचे आहेत. तेव्हा पाहीन.